युरोपात एवढे रूळ असताना माल ट्रकवरच का?

मासकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय आणि इथे मालवाहतुकीतले जाणकार आहेत, म्हणून धागा काढतोय.

मी नेदरलँड्समध्ये, जर्मन सरहद्दीवरच्या व्हेन्लोजवळ राहतो. आइंडहोवनहून जर्मनीकडे जाणारा ए-६७ हा आमचा रोजचा रस्ता. उजवी लेन ट्रकांनी गच्च. नंबरप्लेटी पोलंड, लिथुआनिया, रुमानिया, बल्गेरियाच्या. डच ट्रक शोधून काढावा लागतो.

युरोपीय संघात जमिनीवरून जेवढा माल फिरतो, त्यातला टन-किलोमीटरच्या हिशेबाने तीन चतुर्थांशाहून जास्त रस्त्याने जातो. रेल्वेचा वाटा साधारण एक षष्ठांश आणि नद्या-कालव्यांचा उरलेला. रॉटरडॅम बंदरातून जर्मन सरहद्दीपर्यंत फक्त मालगाड्यांसाठी १६० किलोमीटरची बेटुवे लाइन २००७ पासून आहे. ऱ्हाइनसारखी नदी आहे. तरी ट्रक!

माझं मत सरळ आहे. सरकारं ट्रकवाल्यांना घाबरतात, रस्त्याची खरी किंमत वसूल करत नाहीत. जबर टोल लावा, माल आपोआप रुळावर जाईल. तुम्हाला काय वाटतं?

कसाराघाट
पहिला!
ट्रक फक्त उजव्या लेनमध्ये? साहेब, तुम्हाला सुख बोचतंय. पावसाळ्यात एकदा भिवंडी बायपासला या, प्रत्येक लेनमध्ये कंटेनर दाखवतो. (दिवा घ्या)

सांधेवाला
टोल लावून रूळ तयार होत नाहीत. जर्मनीत कार्ल्सरूहला रेल्वेच्या सिग्नलिंगच्या कामात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ट्रकला युरोपीय संघात सरहद्द जवळजवळ उरलेलीच नाही. रुमानिया आणि बल्गेरियाच्या नाक्यांवरची तपासणीसुद्धा जानेवारी २०२५ पासून गेली. रुमानियातल्या क्लुजहून निघालेला ट्रक त्याच ड्रायव्हरसह, त्याच डिझेलवर रॉटरडॅम गाठतो. मालगाडीला मात्र प्रत्येक देश अजून वेगळा देश आहे. नेदरलँड्समध्ये तारेत दीड किलोव्होल्ट डीसी, बेटुवे लाइनवर २५ किलोव्होल्ट एसी, सरहद्द ओलांडली की जर्मनीचे १५ किलोव्होल्ट, तेही १६.७ हर्ट्झवर. बेल्जियम, इटली, पोलंडमध्ये ३ किलोव्होल्ट डीसी. स्पेनचा मूळ गेजच १६६८ मिलिमीटर. सिग्नल प्रत्येकाचे आपापले. ते एका छत्राखाली आणायला ईटीसीएस ही सामाईक युरोपीय सिग्नल यंत्रणा बसवणं चालू आहे, पण मी निवृत्त होईपर्यंत संपेल असं वाटत नाही. वर चालकाला ज्या देशात गाडी न्यायची तिथली भाषा यायला हवी.

आता तुमची बेटुवे लाइन. ती झेव्हेनारला संपते. पुढे जर्मनीत एमेरिख ते ओबरहाउझेन तिसरी लाइन टाकायची असं दोन्ही देशांनी १९९२ मध्ये वार्नेम्युंडेच्या करारात ठरवलं होतं. डचांनी आपली बाजू बांधून पंधरा वर्षांत गाड्या सोडल्या. जर्मन बाजूचं काम अजून चालू आहे, आणि त्यासाठी मधूनमधून आहे तो मार्गही बंद ठेवावा लागतो.

आणि मार्ग बंद पडला की काय होतं ते २०१७ च्या ऑगस्टमध्ये आमच्या अंगणात दिसलं. कार्ल्सरूहजवळ राष्टाटला बोगदा खोदताना वरचे रूळ खचले. ऱ्हाइन खोऱ्यातली मुख्य लाइन सात आठवडे ठप्प. नदीपलीकडे फ्रान्सचे रूळ होते की! पण फ्रेंच येणारे चालक पुरेसे नाहीत, तिथे चालतील अशी इंजिनं पुरेशी नाहीत. माल ट्रकवर आणि बार्जवर (नदीतल्या मालनौकांवर) गेला. एकदा गेलेला ग्राहक परत आणायला काय यातायात पडते, ते आमच्या मालवाल्यांना विचारा.

रच्याकने, इथल्या मालडब्यांना अजून स्क्रू कपलिंग आहे. दोन बफरांच्या मधे माणूस वाकून शिरतो, आकडा अडकवतो आणि हाताने आवळतो. डिसेंबरात, पहाटे, बर्फात. आपल्याकडच्या मालगाड्यांना स्वयंचलित सीबीसी (आपोआप अडकणारी मधली जोडणी) कधीची आहे.

बंडूनाना
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सांधेवाले, एवढे व्होल्ट ऐकून मलाच झटका बसला.

निफाडकर
द्राक्ष निर्यात करतो. मासकाठ, तुमच्या पुढच्या एखाद्या रीफर (शीत) ट्रकात आमचा माल असू शकतो, तेव्हा हॉर्न वाजवू नका.

टोल-बिल राहू द्या बाजूला. माल कसा जातो ते ऐका. सकाळी घड काढले की पॅकहाउसला प्रीकूलिंग. मग शून्य ते एक अंशावर कोल्ड स्टोअर. पेटीत गंधकाचा पॅड, कंटेनरात टेंपरेचर रेकॉर्डर. सुएझमधून रॉटरडॅम म्हणजे तीन-साडेतीन आठवडे धरायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि २०२४ चा आमचा सीझन आफ्रिकेला वळसा घालून गेला. दहा-पंधरा दिवस जास्त, आणि भाडं विचारूच नका. मणी टिकतो हो. पण देठ सुकतो, तपकिरी पडतो, आणि तिकडचा तपासनीस पेटी उघडली की मणी चाखत नाही, आधी देठ बघतो. त्या वर्षी एका खरेदीदाराने देठावरून जो क्लेम लावला तो आठवला की अजून झोप उडते.

असा आधीच उशीर झालेला माल धक्क्यावर उतरल्यावर, ठरलेल्या वारी सुटणाऱ्या गाडीची वाट कोण बघेल? कंटेनर थेट ट्रकने रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्तला. तिथे तपासणी, रीपॅकिंग, आणि तिथून जर्मनी, पोलंड, स्कँडिनेव्हिया. सुपरमार्केट ऑर्डर देतं ती उद्यासाठी.

गेटपास
निफाडकर काका, +१. मी न्हावा-शेवाला फॉरवर्डिंगमध्ये आहे, देठाचे फोटो आम्हालाही येतात.

जहाजांच्या आकाराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आशिया-युरोप मार्गावरची आताची मोठी जहाजं ४०० मीटर लांब, २० ते २४ हजार टीईयूंची (एक टीईयू म्हणजे एक २० फुटी कंटेनर). मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं झालेलं एव्हर गिव्हन त्यातलंच, आणि ते रॉटरडॅमलाच निघालं होतं. कालवा सहा दिवस बंद होता, पण बंदरांना निस्तरायला कित्येक आठवडे लागले, कारण खोळंबलेली जहाजं सगळी एकदम दाराशी येतात.

एरवीसुद्धा चित्र फार वेगळं नाही. लहान जहाजं वरचेवर येण्याऐवजी एकच धूड येतं आणि एका धक्क्यावर हजारो डबे उतरवतं. लग्नाच्या सगळ्या पंगती एकदम बसवल्या तर वाढप्यांची जी गत होईल, ती त्या यार्डाची होते. क्रेन आधी समुद्रातल्या जहाजाला मिळते, म्हणून बार्ज रांगेत उभी राहते. गाडीचा स्लॉट आधी ठरलेला, तो हुकला की पुढचा मिळेपर्यंत डबा तिथेच. ट्रकवाल्याला फोन केला की तो येतो. रात्री दोनलाही येतो.

फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हापाग-लॉइड या जहाज कंपन्यांनी जेमिनी नावाची जोडगोळी केली आहे. मोठी जहाजं मोजक्या बंदरांनाच लावायची आणि बाकीच्या बंदरांना लहान जहाजांनी माल पोचवायचा. वेळापत्रक सुधारलंय हे मान्य. पण आमच्यासारख्यांना डबा मधे कुठे हात बदलतो याचं लक्ष ठेवणं वाढलं.

मासकाठ
सांधेवाला, गेटपास, निफाडकर, तिघांचे आभार. इतकं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

तरी माझा मुद्दा सुटत नाही. जगात कुठेही काही बिघडलं की ट्रक धावून येतो, कबूल. पण तो रात्री दोनला येतो कारण तो स्वस्त आहे. आणि स्वस्त आहे कारण ड्रायव्हर स्वस्त आहे. ए-६७ च्या पार्किंगात रविवारी फिरून या.

वॉर्सावडापाव
इथे मात्र थांबा. मी पोलंडमध्ये एका वाहतूक कंपनीत प्लॅनर आहे, म्हणजे तुम्ही ज्याच्या मागे अडकता तो ट्रक माझ्यासारख्याच कुणीतरी पाठवलेला असतो.

युरोपीय संघातल्या रस्त्यावरच्या मालवाहतुकीत सुमारे एक पंचमांश वाटा पोलिश ट्रकांचा आहे. हे काही लुबाडून झालेलं नाही. २००४ मध्ये पोलंड संघात आल्यानंतर जर्मन-डच कंपन्यांनी कारखाने पूर्वेला आणले, सुटे भाग इकडून तिकडे चार वेळा फिरायला लागले, आणि ते फिरवायला जे तयार होते त्यांनी ट्रक घेतले. स्वस्त वॉशिंग मशीन सगळ्यांना हवं. ते आणणारा ट्रक मात्र दिसायला नको!

नियम नाहीत असंही नाही. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. दोन आठवड्यांत मिळून ९० च्या वर नाही. ट्रकमधलं टॅकोग्राफ हे यंत्र सगळं लिहून ठेवतं. आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घ्यायला मनाई आहे. परक्या देशात माल उतरवल्यावर तिथल्या तिथे सात दिवसांत तीनच फेऱ्या, मग त्याच ट्रकला त्या देशात चार दिवस बंदी. युरोपीय संघाच्या २०२० च्या मोबिलिटी पॅकेज या नियमसंचाने तर ट्रक दर आठ आठवड्यांनी मायदेशी रिकामा का होईना परत आणा असाही नियम केला होता. पर्यावरणाच्या नावाने भाषणं आणि हायवेवर रिकामे ट्रक! युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

सडेतोड
नियमांची यादी छान आहे. आता ग्रेफेनहाउझेनचं पण सांगा की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२३ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या या हायवे थांब्यावर एका पोलिश कंपनीच्या ड्रायव्हरांनी पगार थकला म्हणून ट्रक उभे केले आणि आठवडेच्या आठवडे हलले नाहीत. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे. मालक सुरक्षारक्षकांची फौज घेऊन ट्रक ताब्यात घ्यायला आला, पोलिसांना मधे पडावं लागलं. शेवटी पैसे मिळाले. उन्हाळ्यात त्याच जागी दुसरा संप झाला.

पोलिश माणसाला आता ही नोकरी नको, म्हणून मध्य आशियातून माणसं आणायची. ट्रकात जर्मन कंपनीचा माल, कंत्राट तिसऱ्याच्या नावावर, ट्रक चौथ्याचा, आणि ड्रायव्हरचा पगार कुणी द्यायचा हे कुणालाच माहीत नाही.

वॉर्सावडापाव
ते प्रकरण लाजिरवाणं होतं, त्याची वकिली मी करणार नाही. पण एका संपावरून सगळ्या ट्रकांना चोर ठरवू नका. आमच्याकडे आता पंजाबातले चालकही आहेत, आणि पगार वेळेवर होतो.

मासकाठ म्हणतात ते रविवारचं पार्किंग मात्र खरं आहे. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकना बंदी, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपासून जागेसाठी मारामारी. ट्रेलरच्या खाली बाजूला पत्र्याची पेटी असते, तिचं झाकण आडवं उघडलं की ओटा होतो. त्यावर गॅसची शेगडी, कांदा चिरायची फळी, पाण्याचा कॅन. एकदा आमचा चालक फोनवर म्हणाला, बाजूचा लिथुआनियाचा माणूस रोज बटाटेच उकडतो, त्याला आज राजमा दिला.

कसाराघाट
राजमा पोचला म्हणजे भारत-युरोप व्यापार वाढतोय. :))

लोरेलाय
नदीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. नवरा ऱ्हाइनवरच्या बार्ज कंपनीत आहे, बारा महिने घरात पाण्याच्या पातळीची चर्चा.

१८६८ च्या मानहाइम करारापासून ऱ्हाइनवर जहाजांना टोल नाही. बासेलपर्यंत मोठ्या बार्ज जातात, म्हणजे समुद्र नसलेल्या स्वित्झर्लंडला रॉटरडॅमचं दार उघडं आहे. एक मोठी बार्ज शंभराहून जास्त ट्रकांचा माल नेते. मग अडचण काय? काउब. कोब्लेन्झ आणि माइन्झच्या मधलं हे गाव, तिथे नदीचा तळ उथळ आणि खडकाळ. तिथल्या मापपट्टीवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटिमीटरवर आली. (पात्रातली खरी खोली त्याहून मीटरभर जास्त असते, नाहीतर काहीच चाललं नसतं.) ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा जवळजवळ तीच गत. बार्ज चालते, पण पाव भरून. भाडं वाढतं, वर कमी पाण्याचा अधिभार. लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यांना तेव्हा घाम फुटतो.

त्या दिवसांत रेल्वेकडे गेलं तर सांधेवाले म्हणतात तसं, जागा नाही. उरला ट्रक.

आल्प्सकर
मासकाठ यांच्या बाजूने बोलणारा एक तरी हवा. मी स्वित्झर्लंडात राहतो, आणि इथे टोलने काम केलं आहे.

१९९४ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं, आल्प्स ओलांडणारा माल रेल्वेने गेला पाहिजे. २००१ पासून अवजड ट्रकवर वजन आणि किलोमीटर यांच्या हिशेबाने कर. त्या पैशातून मोठा वाटा बोगद्यांना: लोचबर्ग २००७, ५७ किलोमीटरचा गोटहार्ड २०१६, चेनेरी २०२०. २००० मध्ये वर्षाला सुमारे १४ लाख ट्रक स्विस आल्प्स ओलांडायचे, आता नऊ लाखांच्या आसपास. इथून आल्प्स ओलांडणाऱ्या मालात रेल्वेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मालगाडीचं चाक तुटून गोटहार्डमध्ये अपघात झाला, बोगदा पूर्ण सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, तरी आकडा कोसळला नाही.

शेजारी ऑस्ट्रिया-इटली सरहद्दीवरच्या ब्रेनर घाटाला बघा. वर्षाला २४-२५ लाख ट्रक. ऑस्ट्रियातले तिरोलवाले ठरावीक दिवशी सरहद्दीवर ट्रक मोजून मोजून सोडतात, बव्हेरियात रांगा लागतात, आणि इटलीने २०२४ मध्ये ऑस्ट्रियाला थेट युरोपीय न्यायालयात खेचलं.

सांधेवाला
आल्प्सकर, तुम्हीच उत्तर दिलंत. कर लावला आणि त्या पैशाने बोगदे बांधले. जर्मनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये टोलमध्ये कार्बनचा भार घातला, दर चांगलेच चढले. मासकाठ, त्यानंतर ए-६७ रिकामा झाला का?

आणि स्विस बोगद्यांकडे येणारी आमची ऱ्हाइन खोऱ्यातली चौपदरी लाइन अजून अपुरी आहे. राष्टाटचा तो बोगदा त्याच कामाचा.

गोदामकर
इतका वेळ वाचत होते. मी टिलबर्गला गोदामात शिफ्ट बघते, आणि मासकाठ यांच्या दारातल्या ट्रकांचं कारण मला रोज हातात दिसतं. लाकडी पॅलेट.

युरो पॅलेट ८० बाय १२० सेंटिमीटर. समुद्री कंटेनर आतून २३५ सेंटिमीटर रुंद. १२० चे दोन शेजारी-शेजारी ठेवले की २४० होतात, बसत नाहीत. पाच सेंटिमीटरनी घोळ! म्हणून ४० फुटी कंटेनरात युरो पॅलेट जास्तीत जास्त २५. इथल्या साडेतेरा मीटरच्या ट्रेलरमध्ये ३३. आशियातून येणारे खोके तर बहुतेक पॅलेटशिवाय, जमिनीपासून छतापर्यंत नुसते रचलेले असतात. आमची पोरं ते एकेक करून उतरवतात, पॅलेटवर रचतात, फिल्म गुंडाळतात, लेबल लावतात. शिवाय शिपिंग लाइनला डबा ठरलेल्या दिवसांत परत हवा, नाहीतर दंड. मग म्युनिकपर्यंत डबा नेऊन रिकामा परत आणण्यापेक्षा बंदराच्या जवळच फोडायचा.

म्हणजे बंदरापासून व्हेन्लो-टिलबर्गपर्यंत डबा रेल्वेने किंवा बार्जने येतो. व्हेन्लोला तर रॉटरडॅमहून गाड्याही येतात, बार्जही. तिथे त्याचे पन्नास तुकडे होतात, आणि ते पन्नास ठिकाणी जातात. एकाला लाइपझिग, एकाला लील, एकाला कुठल्याशा गावातलं दुकान. याची मालगाडी कशी करणार? तुम्ही जो रस्ता बघताय तो बंदराचा नाही, गोदामांचा आहे.

गेटपास
ताई, दंडवत. हे आम्हाला इकडून दिसतच नाही. आमचं काम बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) रॉटरडॅम लिहिलं की संपतं.

बंडूनाना
पाच सेंटिमीटरसाठी एवढं रामायण! आपल्या वेस्टर्न डीएफसीवर (फक्त मालगाड्यांसाठीच्या मार्गावर) डब्यावर डबा चढवून विजेवर गाड्या पळतात, तसं इथे का करत नाहीत?

सांधेवाला
इथले बोगदे आणि पूल एकोणिसाव्या शतकातले. तारेखालून एक उंच डबा गेला तरी नशीब. लांबीचंही तेच. युरोपीय संघाचं उद्दिष्ट ७४० मीटर लांबीची गाडी सगळीकडे चालावी, आणि तेवढंही अजून सगळीकडे जमत नाही.

मासकाठ
गोदामकर ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. व्हेन्लोत नवीन गोदाम उठतं तेव्हा नगरपालिका रोजगाराचं सांगते, ट्रकांचं सांगत नाही.

तरी टोलचं मत मागे घेत नाही. नेदरलँड्समध्ये ट्रकवर किलोमीटरमागे कर २०२६ पासून लागू करायचं ठरलं आहे. आल्प्सकर म्हणतात तसा तो पैसा रुळांवर लावला तर फरक पडेल. नुसता तिजोरीत गेला तर सांधेवाले जिंकले.

सडेतोड
आणि ड्रायव्हर?

मासकाठ
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. त्या विषयावर वॉर्सावडापाव आणि तुम्ही आमनेसामने बसायला हवेत.

निफाडकर
कर कुणावरही लावा, भाड्याच्या बिलात तो माझ्याच पेटीवर येणार. असो. गोदामकर ताई, तुमच्याकडे रीफरचा माल घेतात का? बारेंड्रेख्तला मार्चमध्ये फार गर्दी होते, दुसरी जागा शोधतोय.

गोदामकर
आमच्याकडे सगळा कोरडा माल, काका. फळांसाठी व्हेन्लोला विचारा, तिथे भाजी-फळांची शीतगोदामं बरीच आहेत. ट्रक ए-६७ नेच येईल, मासकाठ यांना आधी कळवून ठेवा.